मोनालीने बसवलेले इंजेक्टर

सडक अर्जुनीच्या हायवेवर भोजराज मिस्त्री कोण, हे कुणालाही विचारा. नागपूर-रायपूर रस्त्यावरचे ट्रक तीस वर्षं माझ्या हाताखालून गेलेत. नुसत्या आवाजावरून कुठला सिलेंडर रुसलाय ते मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो. ही बढाई नाही. म्हणजे आहे, पण खरी आहे.

एवढा मी डिझेलचा माणूस, आणि घरात गाडी आली ती पेट्रोलची. कचेरीतून रिटायर झालेल्या एका साहेबांची ही जुनी छोटी गाडी मी २००८ साली घेतली आणि वर्षभरात तिने रंग दाखवला. सकाळी किल्ली मारली की बराच वेळ नुसती घरघर, चालू झाली की काळा धूर, आणि इंजिनाच्या तेलालाही पेट्रोलचा वास. माझी पोरगी मोनाली म्हणाली, "बाबा, इंजेक्टर टपकून राहिले. गाडी बंद असली तरी पेट्रोल आत जाते. चारही बदला लागते."

मोनाली आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गातली एकटी मुलगी. ती पास झाली तेव्हा मी साऱ्या आळीत पेढे वाटले, पण दुकानात ये म्हणालो नाही. हायवेची जागा, ट्रकवाल्यांची तोंडं, तिथे पोरीचं काय काम? तिने डी.एड. करावं, मास्तरीण व्हावं, असं माझं ठरलेलं. तिचं ठरलेलं दुकान. महिनाभर आमच्या घरात या एकाच गोष्टीवरून भांडी आपटत होती.

शेवटी एक दिवस दुकानातच मी म्हणालो, "घरच्या गाडीचे इंजेक्टर बदलून दाखव. इतवारी बारा वाजेपर्यंत गाडी चालू झाली तं दुकानात बस. नाई झाली तं गुपचाप डी.एड.चा फारम भर."

"आनि तुमी हात नाई लावाचा," ती म्हणाली. "तोंडही नाई."

शेजारच्या ढाब्याचा छोटेलाल तिथेच बाकावर बसला होता. त्याच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत देवरीपासून साकोलीपर्यंत पोचते. कुणी विचारलं नसताना तो म्हणाला, "हम गवाह है, मिस्त्री."

रविवारी सकाळी मोनालीने काय करावं? गाडीला हात लावायच्या आधी अंगणातली चूल विझवली. तिच्या आईचं, अल्काचं, आंघोळीचं पाणी अर्धवट तापलेलं. शिवाय दोन ओली पोती आणि बादलीभर रेती आणून ठेवली.

"गाडी दुरुस्त करून राहिली का आग इझवून राहिली?" मी म्हणालो.

"तोंड, बाबा."

मग तिने गाडी चालू केली आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज उपटला. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं. चालतं इंजिन असं हाताने मारलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिने कारण सांगितलं, पण मला नाही, आईला. "नळीत पेट्रोल दाबात भरून असते. ते आधी जाळून टाकलं का अंगावर उडत नाई." नंतर बॅटरीची तार काढली आणि इंजिन थंड व्हायची वाट पाहत बसली. मी असतो तर तेवढ्यात दोन बिड्या ओढल्या असत्या. बिडीही तिने माझ्या खिशातून काढून घेतली होती.

पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ज्या नळीखाली बसतात तिला रेल म्हणतात. मोनालीने ती रेल हलक्या हाताने वर उचलली, चारही जुने इंजेक्टर तिच्याबरोबर बाहेर आले. तेव्हा मला दिसलं. एका इंजेक्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर आलीच नव्हती, खाली भोकात चिकटून राहिली होती. तिच्यावर नवीन इंजेक्टर बसवला असता तर तो कधीच नीट बसला नसता.

मी बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं हे खरं, पण खरं कारण वेगळं होतं. ती चुकावी असं मला वाटत होतं. बापाने असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

तिने जुन्या रिंगा कागदावर मांडल्या, मोजल्या, थांबली. पुन्हा मोजल्या. टॉर्च घेतली, भोकात पाहिलं आणि ती चिकटलेली रिंग काडीने अलगद काढली. मला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून रागही आला.

नवीन रिंगांना तेल लावून तिने इंजेक्टर बसवले, रेल कसली, फ्यूज आणि बॅटरी जागेवर लावली. किल्ली नुसती फिरवून टॉर्चने चारही जागा पाहिल्या. कोरड्या. पावणेबारा वाजले होते. तिने किल्ली मारली. इंजिन फिरलं, फिरलं, पण लागलं नाही.

"हवा धरली," मी मनात म्हणालो.

डिझेलवाल्याला हे सांगावं लागत नाही. पाइप खोलला की त्यात हवा जाते, मग नट ढिला करायचा, इंजिन फिरवायचं आणि फेसाळ डिझेल बाहेर येऊ द्यायचं. तीस वर्षांत हजारदा केलं असेल. जित्याची खोड. पाना कधी हातात आला मला कळलं नाही. मी रेलच्या तोंडाचा नट ढिला केला, आणि त्याच क्षणी मोनालीने आत बसून पुन्हा किल्ली फिरवली.

पेट्रोलचा फवारा थेट माझ्या छातीवर आला.

तिने किल्ली बंद केली, धावत येऊन बॅटरीची तार ओढली आणि मला हाताला धरून अंगणाच्या टोकाला नेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी नजर चुलीकडे गेली. ती पेटलेली असती तर आज ही गोष्ट सांगायला मी नसतो.

"हे ट्रक नाई, बाबा," ती म्हणाली. "याची हवा आपोआप टाकीत जाते. दोन-तीनदा किल्ली द्या लागते, बस. कायले हात लावला?"

अल्काने माझा शर्ट धुऊन तारेवर टाकला आणि मी बनियनवर उंबऱ्यात बसलो. मोनालीने सांडलेलं पेट्रोल पुसलं, बॉनेट उघडं ठेवून वास जाऊ दिला, नटाखालचं वायसर बदलून नट पुन्हा कसला. घाई अजिबात नाही. बारा वाजले, साडेबारा वाजले. माझ्या तोंडून तेवढ्यात "राहू दे, बाराची गोष्ट सोड" एवढंही निघालं नाही.

एकला छोटेलाल आला. त्याच वेळी मोनालीने तीनदा नुसती किल्ली दिली, चौथ्यांदा मारली, आणि गाडी पहिल्या फेरीत लागली. धूर नाही. थरथर नाही. इतका साफ आवाज या गाडीचा मी कधी ऐकला नव्हता. आवाजातलं मला कळतं.

छोटेलालने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बनियन, हाताला पेट्रोलचा वास. तो हसला. "बारा तो कबके बज गए. और आखिर में हाथ तुमकोच लगाना पड़ा ना, मिस्त्री?"

मोनालीने इंजिन बंद केलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी फक्त मान हलवली असती तरी फॉर्म भरला गेला असता, आणि हायवेवर माझं नाव होतं तिथेच राहिलं असतं.

"लावला हात," मी म्हणालो. "मी हात लावला म्हनूनच घंटाभर उशीर झाला. नाईतं पोट्टीनं बाराच्या आतच चालू केली असती."

छोटेलाल गोंधळला. "ये भी बताऊं लोगोंको?"

"हेच पयले सांग," मी म्हणालो. "आनि सांग का पेट्रोलची गाडी असन तं उद्यापासून दुकानात मोनालीले इचाराचं. मले इचाराचं नाई."