बघण्याची सावड

"हजार मानसं म्हंजे किती, प्रवीणशेठ?" हिरूकाकांनी विचारलं. "आमच्या पाड्यावर तर पोरंबाळं धरून साठ."

घोलवड स्टेशनाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म भरून देतो, फोटो काढून देतो. शेठ म्हणण्यासारखी इस्टेट म्हणजे एक टेबलफॅन, तोही मान न वळवणारा. पण काका मला शेठ म्हणायचे आणि मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू!

काकांनी तीस वर्षं चिकूच्या वाड्यांत फळं उतरवली. दोन वर्षांपूर्वी झाडावरून पडले आणि उजवा हात कायमचा अधू झाला. तेव्हापासून ते ओट्यावर बसून होते. फळ तयार झालं की नाही, हे ते सालीवर अंगठ्याचं नख हलकेच ओढून सांगायचे. खाली हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळट दिसलं तर उतरवायचं. त्यांची मुलगी दक्षा डहाणूला कॉलेजात जायची. तिनं वडिलांचं हे सगळं ज्ञान फोटोंसकट एका वेबसाइटवर टाकलं. साइट मी बनवून दिली आणि तिच्यावर जाहिराती लावायची अक्कलही माझीच.

"कुणी पान उघडलं की त्याला जाहिरात दिसते," मी समजावलं. "त्यानं काही विकत घ्यायला नको, बोटही लावायला नको. दिसली की एक धरतात. अशी हजार वेळा दिसली की वीसेक रुपये."

"नुसतं बगायचं पैसं?"

"हो ना."

"मी क्रेट भरला तर पैसं मिळायचं. झाडाकडं नुसतं बगत उभा ऱ्हायलो असतो तर वाडीवाल्यानं हाकलला असता." काका हसले. मग म्हणाले, "आन ही बगनारी मानसं ऱ्हातात कुठं?"

मी त्यांना नकाशा दाखवला. नागपूर, जालना, बेळगाव, आणि समुद्रापलीकडे मस्कतला एक ठिपका. काका स्क्रीनच्या इतके जवळ गेले की काचेवर त्यांचा श्वास उमटला.

"ह्यो तिथं बसून माझा अंगठा बगतो?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

मी तो नकाशा रोज पाहत होतो. त्या ठिपक्यात एक माणूस बसलेला आहे, हे मला साइट सुरू झाल्यापासूनच्या चौदा महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. 

शंभर डॉलर, म्हणजे आठेक हजार रुपये, पुरे झाल्याशिवाय कंपनी पैसे पाठवत नसे. आमचे तीनेकशे रुपये कमी पडत होते. "एक डाव माझ्या कमाईचा पैसा घरात येऊ दे," निघताना काका म्हणाले. "मग ओट्यावर बसून ऱ्हायलो तरी मला कायसुदिक वाटनार नाय."

काकांची धाकटी बहीण बुधी शेजारीच राहते. तिच्या कानावर हे गेलं. काम अडलं की पाड्यावर सावड करतात. आज सगळ्यांनी तुझ्या शेतावर राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याचं काम असेल त्यानं जेवण द्यायचं. बुधी म्हणाली, "बगायचंच काम हाय ना दादा? मंग बगू की सगळी!"

गुरुवारी सगळ्या पाड्यानं मजुरी बुडवली. दुपारी मी पोचलो, तर अंगणात बाया-माणसं भातलावणीला उभी राहतात तशी ओळीनं बसलेली. बारा फोन होते. ज्यांच्याकडे फोन नव्हता ती शेजारच्याच्या फोनमध्ये डोकावत होती. पान उघडायचं, जाहिरात पाहायची, "झाली" म्हणायचं, पुन्हा उघडायचं. काका ओळीतून फिरत होते.

"नीट बगा रे! नुसतं उघडून टाकू नका. कामात लबाडी नको."

 नियम मी वाचलेच नव्हते, पण हे बरं नव्हे एवढं मला कळत होतं. तरी एवढ्या मोठ्या कंपनीला आपला पाडा कुठं दिसतोय, असं म्हणून मी मुकाट्यानं नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी खाल्ली. त्या घासाची मला अजून लाज वाटते.

कंपनीला पाडा दिसला. रविवारी मेल आला. एकाच जागेवरून, त्याच त्या फोनांवरून हजारो वेळा पान उघडलंय, हे बघणं खोटं आहे. खातं बंद, आधीचे सगळे पैसेही परत जाहिरातवाल्यांना. काका आणि दक्षा दुकानात आले होते; दक्षा तिथंच रडायला लागली.

"खोटं कसं?" काका म्हणाले. "बुधीचं डोळं सुजलं बगून बगून."

"जो आपणहून येतो, तोच त्यांना हवा असतो, काका. चूक माझी आहे. मी तुम्हाला थांबवायला हवं होतं."

काकांनी तो मेल मला पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. पाडा माझ्यासाटी आला, चिकूसाटी नाय आला. पन हे पाड्यावर बोलू नको, शेठ."

मी त्यांना घरी सोडायला गेलो. बुधी अंगणातच उभी होती. "दादा, आलं पैसं?"

"कंपनीच बुडाली," काका म्हणाले. "तुमचं काम चोख झालं. उद्या तुझ्या कुडाला माती लिंपायची ना? मी येतो. एका हातानं जमंल तेवढं करीन."

चौदा महिन्यांची कमाई गेली होती आणि हा माणूस सावड फेडायला निघाला होता. 

पुढच्या आठवड्यात साइटवरच्या जाहिरातींच्या रिकाम्या चौकटी काढायला मी त्यांच्याकडे गेलो.

"आता कोन येत नसंल," काका म्हणाले.

"गेल्या तासाभरात सतरा जण आले."

"खरी मानसं?"

"खरी. आपणहून आलेली."

काकांनी अंगणावरून नजर फिरवली. "सतरा मानसं बसतील हितं," ते म्हणाले. आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले, दक्षाला हाक मारली आणि तिनं व्हिडिओसाठी मोबाइल धरल्यावर अधू हातानं चिकू छातीशी दाबून डाव्या अंगठ्याचं नख सालीवर सावकाश ओढलं.

खाली हिरवं होतं.

"ह्यो नाय," काका मोबाइलकडे बघून म्हणाले. "ह्याला अजून थांबायचं."