दादाच्या उंचीचा दोरा

रविवारी पहाटे सायकलवाल्यांची ती रांग निघाली की बघणाऱ्याला वाटावं, काय शहाणी माणसं आहेत, चकार शब्द न बोलता नुसते पाय फिरवतायत! पण रांगेत बोलणं अखंड चालू असतं. फक्त ते तोंडाने नसतं, हातांनी असतं. हात सरळ वर गेला म्हणजे थांबायचंय. हात पाठीमागे नेऊन झटकला म्हणजे कडेला गाडी उभी आहे, जरा सरकून घ्या. आणि बोट खाली रस्त्याकडे गेलं म्हणजे खड्डा. पहिल्याने बोट दाखवलं की दुसऱ्याने दाखवायचं, मग तिसऱ्याने, असं करत करत पार शेवटच्यापर्यंत. कारण मधल्या माणसाला रस्ता दिसतच नाही. त्याला दिसते पुढच्याची पाठ, आणि फार तर पुढच्याच्या बनियनचा बाहेर आलेला पट्टा.

"पुढच्याची पाठ हाच आपला रस्ता," असं कप्तानकाकू प्रत्येक नवीन माणसाला सांगायच्या. काकूंचं चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभर लोकांना "आता दिसतंय? आणि आता?" विचारून विचारून त्यांना सवय लागली होती, रविवारी रस्त्यावरही त्या तेच विचारायच्या.

या रांगेत सगळ्यात लहान होती भिंगरी. शाळेत जाणारी, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला फट न ठेवणारी. तिला रांगेत शिरून दोन-तीन महिने झाले होते आणि ती कुणाच्याही मागे पडत नव्हती, याचा तिला इतका अभिमान होता की शाळेतल्या मैत्रिणींना आता सायकल हा शब्द ऐकला तरी कापरं भरायचं. तिच्या मागे कायम दातवाले काका असत. ते दातांचे डॉक्टर. लोकांची तोंडं उघडून बसायच्या धंद्यामुळे असेल, स्वतःचं तोंड त्यांना मिटता येत नसे. भिंगरीला ते 'उंट' म्हणायचे, कारण अख्ख्या फेरीत ती कधी पाणी प्यायची नाही.

"अगं उंटा, बाटली काय शोभेला लावलीस?"

"तहानच लागत नाही मला, काका!"

तहान लागायची. घसा कोरडाठक्क पडायचा. पण बाटली काढायची तर एक हात सोडावा लागतो, आणि भिंगरीला हात सोडता येत नव्हता. ही गोष्ट जगात फक्त तिला माहीत होती.

सायकल होती दादाची. दादाला नोकरी लागली ती अशा गावी, जिथे जायचं म्हणजे आधी आगगाडी आणि मग विमान. जाताना त्याने सीटच्या नळीवर, जिथे ती फ्रेममध्ये शिरते तिथे, लाल चिकटपट्टी गुंडाळली. "सायकल तुझी," तो म्हणाला, "पण ही माझी उंची आहे. सीट याच्या खाली गेली तर याद राख, भिंगे. मी आलो की पहिल्यांदा हेच बघणार."

दादा अंगाने ताडमाड. भिंगरी त्याच्या खांद्याला कशीबशी लागायची. पण तिने त्या पट्टीला नखही लावलं नाही. फूटपाथची कड शोधून तिथून सीटवर चढायची, आणि पेडल खाली गेलं की पाय लांबवून अंगठ्याने त्याला गाठायची. हँडल इतकं पुढे की दोन्ही हात ताणून त्याला लोंबकळल्यासारखं व्हायचं. एक हात सोडला की सायकल नागमोडी. म्हणून ती हात सोडायचीच नाही. खड्ड्याचं बोट पुढून आलं की मागे ओरडून सांगायची, "खड्डाऽऽ!" काकांना ते चालून जायचं.

त्या रविवारी मात्र चढ संपतच नव्हता. भिंगरीची छाती भात्यासारखी चालली होती. पुढच्या माणसाचं बोट खाली गेलेलं तिने स्पष्ट पाहिलं. तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. तिने खड्ड्याला वळसा घातला आणि मागे धाडकन आवाज झाला.

रांग थांबली. दातवाले काका रस्त्याच्या कडेला बसले होते, कोपर सोललेलं, मागचं चाक अजून गरागरा फिरतंय.

"दात शाबूत आहेत!" ते म्हणाले. "बाकी सगळं भरून निघतं."

कुणीतरी हसलं. भिंगरी हसली नाही. काकूंनी काकांचं कोपर बाटलीच्या पाण्याने धुतलं, हाताची सगळी बोटं हलवून बघायला लावली आणि मग भिंगरीकडे वळल्या.

"बोट पुढून आलं होतं?"

"आलं होतं."

"दिसलं?"

"दिसलं."

"मग?"

भिंगरीला एरवी एका प्रश्नाला सतरा उत्तरं सुचत. आत्ता तिने खाली पाहिलं. "हात सोडता येत नाही मला," ती म्हणाली. "कधीच आला नाही."

काकू तिच्या सायकलीकडे बघत राहिल्या. मग सीटकडे, मग तिच्या पायांकडे. "म्हणून मागून तुझी कंबर झोपाळ्यासारखी हलते."

"मला वाटलं ती स्टाईल आहे," काका जमिनीवरूनच म्हणाले.

"सीट खाली घे की गं!"

"नाही घेता येत, काकू."

"का? नट गंजलाय?"

"नाही. दादाची आहे."

काकूंनी याच्यावर काही वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "बाळ, तुझ्या मागचा माणूस डोळे मिटून सायकल चालवत असतो. त्याचे डोळे म्हणजे तू. पुढच्या रविवारी ये. रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून सरळ चालवत एका हाताने पाणी पिऊन दाखव. जमलं तर तुझी जागा तुला. नाही जमलं तर शेवटी राहायचं, शेपटाला. तिथे मागे कुणी नसतं, सांगायलाही कुणी लागत नाही."

परतीला भिंगरी शेपटाला होती. पुढून एकेक बोट खाली जायचं आणि तिच्यापाशी येऊन संपायचं. तिच्याकडून मागे कुणालाच काही मिळायचं नाही. रांगेत असूनही आपण रांगेत नाही, असं काहीतरी विचित्र वाटत होतं, आणि ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं, हे तर भिंगरीच्या बाबतीत फारच झालं.

आठवडाभर ती घरात मुक्याने वावरली. आईला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटली. आई कपडे शिवायची, त्याहून जास्त कपडे बेतायची, म्हणजे कुणाचं लांब ते आखूड, कुणाचं सैल ते घट्ट. दादा गेल्यावर त्याच्या पलंगावर लोकांचे कपडे ठेवायला सुरुवात झाली. आधी कोपऱ्यात एक गठ्ठा, मग अर्धा पलंग, आणि आता चादर कोणत्या रंगाची आहे हेही विसरायला झालं होतं. त्याच्या शेल्फात बटणांचे डबे आले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. जागा रिकामी होती, सामान सरकत सरकत आलं. घरात दादा होता तसा राहिलेला फक्त एकाच ठिकाणी, जिन्याखालच्या सायकलीवर, लाल पट्टीच्या वर. ती सीट खाली आली की मग काय उरलं?

शनिवारी संध्याकाळी आई मशीनवर एका पोराची पँट आखूड करत होती. भिंगरी टेबलाला टेकून उगाच टाचण्या रंगांप्रमाणे लावत होती.

"बोल," आई म्हणाली.

"काय?"

"जे आठवडाभर गिळून बसलीस ते."

मग बांध फुटला. खड्डा, बोट, काकांचं कोपर, पाण्याची बाटली, शेपूट, दादा, पट्टी, सगळं एका श्वासात. आई शिवतच होती. संपल्यावर तिने दोरा दाताने तोडला आणि पँट उलटी करून भिंगरीच्या पुढ्यात टाकली.

"किती कापड कापलं सांग."

भिंगरीने खालची घडी उलगडून पाहिली. कापड सगळं आत दुमडलेलं होतं, आडव्या टाक्यांनी धरलेलं.

"कापलंच नाहीयेस."

"वाढत्या पोराचं कापड कापतं का कुणी? आत ठेवायचं. लागेल तेव्हा उसवायचं." आईने चष्मा कपाळावर सारला. "तुझी ती नळी, खाली गेली की कुठे जाते?"

"फ्रेमच्या आत."

"मग?"

"पण पट्टी काढावी लागेल. ती असेपर्यंत नळी आत जात नाही. मग त्याची उंची कळणार कशी?"

आई उठली. लाल दोऱ्याचं रीळ उचललं आणि म्हणाली, "चल."

जिन्याखाली आईने दोऱ्याचं एक टोक सीटच्या माथ्यावर धरायला लावलं, दुसरं खाली, पेडलची दांडी जिथे फ्रेमला जोडलेली असते तिथवर ताणलं, आणि कात्रीने कच्चकन तोडलं. दोन्ही टोकांना गाठ मारली. "घे. हा तुझा भाऊ. घडी करून पिशवीत ठेव."

भिंगरीने तो दोरा सीटखालच्या छोट्या पिशवीत, पंक्चरच्या सामानाशेजारी ठेवला. मग पट्टी सोलून काढली. पट्टीखालची नळी नव्यासारखी चमकत होती. पान्याने नट सैल केला, आणि सीट आवाज न करता खाली गेली. भिंतीला धरून ती बसली, टाच पेडलवर टेकवली, काकू सगळ्यांना सांगायच्या तसा गुडघा जेमतेम सरळ होईल इथवर उंची जुळवली. सीट थोडी पुढे सरकवली. हात हँडलवर ठेवले, तर कोपरात वाक राहिला! इतके दिवस तिला माहीतच नव्हतं की कोपराला या कामात काही भूमिका असते.

तेवढ्यात दादाचा फोन आला, चेहरा दिसणारा. शनिवारी तो करायचाच. तो काहीतरी जेवणाबद्दल सांगत होता, मध्येच थांबला.

"तुझ्या मागे सायकल आहे ना? पट्टी कुठंय?"

"काढली," भिंगरी म्हणाली.

"आज?"

"आत्ता."

"म्हणजे इतके दिवस तू त्या उंचीवर चालवत होतीस? पाय पुरत होते?"

"पुरवत होते."

तो खो खो हसला. मग तिचं तोंड बघून थांबला. "अगं वेडे, मी ते गमतीत म्हटलं होतं. मला वाटलं, मी कोपऱ्यावरून वळलो नसेन तोवर तू ती खाली घेतली असशील."

"मी नव्हतं गमतीत घेतलं."

दादाच्या मागच्या भिंतीवर एक नवीन हेल्मेट टांगलेलं होतं. भिंगरीला ते दिसलं. तिला दिसलं हे त्यालाही दिसलं.

"इथे एक जुनी सायकल घेतली," तो म्हणाला. "सांगणार होतो."

"चांगलीये?"

"ठीक आहे. करकरते."

"चेनला तेल दे, आळशा." मग तिने दोरा काढून कॅमेऱ्यासमोर धरला, एक टोक वर, एक खाली. "हा बघ तू. आईने बेतून ठेवलाय. आलास की परत वर घेऊ."

दादाने तो दोरा बराच वेळ पाहिला. "राहू दे जपून," तो म्हणाला. "तुझी उंची अजून वाढायचीये. मी यायच्या आत तुलाच लागायचा."

रविवारी काकूंनी परीक्षा घेतली. भिंगरी पांढऱ्या पट्टीवरून निघाली. आधी एक बोट सोडलं, मग दुसरं, मग हात. सायकल थोडी हलली, सावरली. बाटली निघाली. पहिला घोट अर्धा हनुवटीवर सांडला, दुसरा बरोबर तोंडात.

"उंट पाणी प्यायला!" कोपराला मोठी पट्टी लावलेले काका मागून ओरडले. "लिहून ठेवा कुणीतरी!"

"तुम्ही आधी रस्त्याकडे बघा, काका!"

"मी कशाला बघू? तू आहेस ना!"

ते गमतीत म्हणाले असतील. भिंगरीने गमतीत घेतलं नाही.

चढ आला. तोच. छाती भात्यासारखी चालायला लागली, पुढच्याच्या पाठीवर घामाचा नकाशा वाढत गेला. मग ते बोट खाली गेलं. भिंगरीने डावा हात हँडलवरून उचलला, लांब खाली नेला आणि रस्त्याकडे बोट धरलं, काकांना दिसेल इतका वेळ, जरा जास्तच वेळ. खड्डा बाजूने निघून गेला. मागे कसलाच आवाज झाला नाही, फक्त टायरचा, सरळ, लागोपाठ.