माझ्या पोटात दुसरी चूल

मी एक जुना आणि, खरं सांगायचं तर, संशयी संगणक आहे. साक्री तालुक्यात, मळ्यातल्या एका घरात माझं टेबल आहे. लोटननानांनी मला धुळ्याहून आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, हळदकुंकू लावून माझी पूजा केली होती. पुढे घरात मोबाइल आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

संशयी का झालो तेही सांगतो, मित्रांनो. एकदा मी बंद पडलो, तेव्हा एक दुरुस्तीवाला आला. "काही जाणार नाही," असं म्हणत त्याने घरातले सगळे लग्नाचे फोटो पुसून टाकले. तेव्हापासून कुणी पेनड्राइव्ह घेऊन जवळ आलं, की मी सावध होतो.

त्यातून माझ्याजवळ एक मोलाची ठेव होती. पुष्पाबाईंच्या जाऊ सुंदरबाई श्रावणात, आमच्या खानदेशच्या कानबाई देवीच्या सणाला, तिची गाणी म्हणायच्या. गावात तेवढी गाणी कुणालाच येत नव्हती. त्या वारल्या आणि त्यांचा आवाज माझ्या डिस्कवर तेवढा उरला, दुसरीकडे कुठेच नाही. यंदा ती गाणी पुष्पाबाईंनी म्हणायची होती. माझ्यासमोर बसून त्या शिकत होत्या.

अशात त्यांची मुलगी मयुरी कॉलेजातून सुट्टीवर आली. तिला अभ्यासाला लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी वेगळी प्रणाली, हवी होती आणि जुनी विंडोजही ठेवायची होती. म्हणजे एका घरात दोन चुली! शिवाय हातात पेनड्राइव्ह. माझा तिच्यावर काडीचाही विश्वास बसला नाही.

पुष्पाबाईंनाही धास्ती वाटलीच. "जाऊबाईना गाणा पुसाई जातीन का वं?"

"नही माय. पहिले ते तुना मोबाइलमा टाकस. तू बठ्ठा ऐकी ले, मंग मी हात लावसू."

तिने आईला प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकायला लावलं. मला तर जास्तच शंका आली. एवढी खबरदारी घेते, म्हणजे नक्की काहीतरी घात करणार!

मग पडद्यावर 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय आला; झालं, गेली गाणी, असं मला वाटलं. तो सोडून तिने 'विंडोज ठेवून शेजारी बसवा' हा निवडला. माझ्या यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. घरची वीजही विहिरीवरच्या पेटीतून येते, मोटर सुरू झाली की दिवे मान टाकतात. म्हणून तिने नानांना मोटर लावू नका म्हणून बजावलं. नाना खुर्ची ओढून माझ्यासमोरच बसले.

"मी आठेच बठस. मोटरकडे जातच नही."

सगळ्या घरात माझा भरवसा होता तो त्यांच्यावर.

विंडोजला आकसवून लिनक्सला जागा करणं चालू होतं, तोच शेतीपंपांची थ्री फेज वीज आली. आमच्याकडे प्रत्येक विहिरीवर स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते, शेतकऱ्याला धावावं लागत नाही. तो बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मोटर घुमली, दिवे मंदावले आणि मी अर्ध्या कामात विझलो.

शुद्धीवर आलो तेव्हा विंडोजही नव्हती आणि गाणीही नव्हती. नानांचा चेहरा उतरला. "ऑटो चालूच राही गयथा," ते म्हणाले. मयुरी विहिरीवर गेली. ऑटो बंद करून आली आणि तिने दोन्ही चुली पुन्हा पहिल्यापासून मांडल्या.

पुष्पाबाईंनी मोबाइल काढला. सुंदरबाईंचा आवाज घरभर झाला. इतकी वर्षं तो फक्त माझ्यातून निघायचा. आज तो मी बाहेरून ऐकला. मला हेवा वाटला, नाही कशाला म्हणू? पण पुष्पाबाई डोळे पुसत त्या आवाजामागून गाऊ लागल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर माया करा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. आवडत्या माणसाचा आवाज दुसरीकडेही ठेवा, आणि तो नीट वाजतो का ते ऐकून बघा. हिने मला हात लावू नये, असं मी मनात घोकत होतो. मयुरीने माझं ऐकलं असतं, तर मी आणखी काही वर्षं तसाच चाललो असतो, एक दिवस बंद पडलो असतो आणि सुंदरबाई माझ्याबरोबरच गेल्या असत्या.