फरशीखालची दोन तोंडं

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी प्यो ग्वांग-सू यांच्या स्वयंपाकघरातलं शेवटचं कपाट बाहेर निघालं. ठेकेदार बांगनं जमीन मोजली, मान खाजवली आणि विचारलं, "काका, इथं खाली नळ्याच नाहीत?"

"नाहीत."

"तुमच्या घरात? आमचे बाबा सांगायचे, अर्ध्या जेचॉन गावाच्या जमिनी प्योंनी गरम केल्या."

ग्वांग-सूंचं वय चौऱ्याहत्तर. जमिनीखाली बॉयलरच्या गरम पाण्याच्या नळ्या टाकण्यात त्यांची बेचाळीस वर्षं गेली होती. तीनशेच्या वर घरं झाली, एकही नळी गळली नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र खोल्यांतून अनवाणी हिंडायचं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सपाता चढवायच्या, हा नियम छत्तीस वर्षं चालत आला होता.

बांगनं तीन पर्याय सांगितले. ओट्याखाली गरम हवेचा पंखा, एका दुपारचं काम. फरशीखाली विजेवर तापणारा पातळ थर, दीड दिवस. नाहीतर जमीन फोडून पाण्याच्या नळ्या. मग धूळ, गिलावा आणि दहा दिवस चूल बंद.

"विजेचाच घ्या," सोलहून रजा काढून आलेली लेक ह्ये-रान म्हणाली. "जमीन फोडली की बाबा गप्प बसायचे नाहीत. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत."

"विजेची चटई कुत्र्याच्या पिल्लाखाली घालतात," ग्वांग-सू म्हणाले.

"आई, तू सांग. उभं तुला राहायचंय."

ग्वांग-सूंची बायको माल-सुन पडवीत छोट्या शेगडीवर कामगारांसाठी किमचीची धिरडी घालत होती. "माझं काय," ती म्हणाली, "मला सवय आहे."

हे वाक्य ग्वांग-सूंच्या ओळखीचं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. स्वयंपाकघरासाठी आणलेली नळी त्यांनी आईच्या खोलीत टाकली, वेटोळी जवळजवळ घेऊन. "मी हिंडतीफिरती आहे, आईंच्या पाठीला ऊब हवी," असं माल-सुनच म्हणाली होती. आई आणखी सहा हिवाळे जगली. पुढे लोकांच्या घरांची कामं आली आणि हे स्वयंपाकघर राहून गेलं.

"नळ्याच," ते म्हणाले. "आणि टाकणार मी."

"बाबा!"

"काका, मग जोड द्यायला बाहेरच्या खोलीचीही जमीन फोडावी लागेल," बांग म्हणाला.

"नाही लागत. चौकटीपासून दोन वीत आत, भिंतीपासून एक वीत. तिथं छिन्नी जपून चालव. खाली दोन तोंडं आहेत."

बांगनं ह्ये-रानकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

सव्वाअकराला छिन्नी खणखणली. जाड प्लास्टिक, त्यावर तारेचे वेढे, आत तांब्याच्या नळीची दोन तोंडं. दोन्हींवर पितळेची टोपणं, घट्ट पिळलेली. बांगनं शीळ घातली. उलथनं हातात घेऊन माल-सुन दारात आली.

"हे कधीचं?"

"आईच्या वेळचं. पुढे इथली नळी जोडायला ठेवलेलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"पुढच्या वर्षी करू म्हणत होतो. सांगितलं असतं तर तू वाट बघत बसली असतीस."

"वाट कसली बघते! रोज बोलून दाखवलं असतं. तिसऱ्या वर्षी झालं असतं काम." तिनं वाकून एका टोपणावरची माती अंगठ्यानं पुसली. मग लेकीकडे वळली. "पाण्याच्याच नळ्या. आणि हेच टाकतील. बांग, तू यांना उठायबसायला हात दे. नळीला लावू नकोस."

बुधवारी ग्वांग-सूंनी कमरेला बायकोची गोल गादी बांधली, शेतात तण काढताना बसायला बायका मागं बांधतात ती.

"आता कोंबडीसारखं अंडं घाला एखादं," माल-सुन पडवीतून म्हणाली.

दिवसभर ते ढुंगणावर सरकत नळी अंथरत गेले. दर हातभर चाप, कुठेही दुमड नाही. बेसिनपाशी येताच वेटोळी चार-चार बोटांवर आली.

"काका, इथं इतकी जवळ? बाकीकडे तर दुप्पट अंतर ठेवलंत."

"भांडी घासताना ती इथं उभी राहते."

बांगनं मोबाईल काढून त्या कोपऱ्याचा फोटो घेतला. ग्वांग-सूंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पाठ मात्र ताठ झाली.

गुरुवारी दुपारी बारा वाजता नळ्यांत पाणी भरून हातपंपानं दाब दिला. दाबमापकाचा काटा चारवर आणून पंप थांबवला. शुक्रवारी सकाळपर्यंत तो जागचा हलला नाही, तरच वर गिलावा पडणार होता. ह्ये-राननं खुर्ची आणून दिली. ग्वांग-सू काट्यासमोर बसले आणि जेवायलाही उठले नाहीत. माल-सुननं भाताचा वाडगा तिथंच आणून दिला आणि जाताना स्वतःही काट्याकडे बघितलं.

चार वाजता काटा चारवरच होता. दाराबाहेर राडारोड्याची पोती लागली होती. सर्वांत वरच्या पोत्याचं तोंड अजून बांधलेलं नव्हतं. माल-सुनच्या सपाता त्या पोत्यावर ठेवल्या होत्या, आत टाकलेल्या नव्हत्या; शुक्रवार उजाडायचा होता.