न वाजणारा फोन

विझवणे हे काही त्याचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहायचं. एरवी शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला विझवणेच म्हणत, कारण माणूस खोलीतून बाहेर पडतोय न पडतोय तोच हा मागून जाऊन दिवा-पंखा बंद करायचा. एकदा आत माणूस असतानाच ह्यानं संडासातला दिवा घालवला. आतून शिव्या आल्या, तर वर तोंड करून म्हणतो, "मग खाकरायचं तरी!"

इमारतीतली वीज, पंखे आणि फोन एवढं त्याच्या ताब्यात होतं, शिवाय जिन्याखालची एक चिंचोळी खोली. ऑफिस नकाशांचं होतं. रस्त्याखालून जाणारे पाण्याचे नळ, विजेच्या तारा, गटारं यांचे नकाशे तिथे काढले जात आणि तपासले जात. ते बाहेर जाऊ नयेत म्हणून प्रत्येकानं आपला मोबाइल दाराशी असलेल्या खणात ठेवूनच आत जायचं, असा नियम होता. त्यामुळे टेबलावरच्या फोनला तिथे अजून मान होता. काम मात्र फारसं नव्हतं.

वरच्या ऑफिसातून वीज वाचवण्याचा हुकूम आला तेव्हा विझवणेला आनंदाचं भरतं आलं. दिवे-पंख्यांचं त्यानं आधीच करून ठेवलं होतं. आता त्याची नजर फोनवर गेली. हे फोन भिंतीतल्या प्लगवर चालत नसत. ज्या तारेतून बोलणं येई त्याच तारेतून त्यांना वीजही मिळे. कोणी वापरो न वापरो, रात्रंदिवस पडदे उजळून बसलेले. त्यानं अशी व्यवस्था केली की फोन थोडा वेळ नुसता पडून राहिला की पडदा काळा व्हावा, आणि घंटी आली की फोननं आपोआप जागं व्हावं. प्रत्येक फोनवर त्यानं चिठ्ठी चिकटवली: "झोपलोय. वाजलो की उठेन." लोक हसले. साहेबांनी पाठ थोपटली.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण कौतुकाची चटक वाईट. वरच्या ऑफिसातले पाहुणे वाचलेल्या विजेचा आकडा बघायला येणार, असं कळलं आणि ह्याला तो आकडा आणखी फुगवायची घाई झाली. ज्या फोनवर कित्येक महिन्यांत एकही घंटी आली नव्हती, त्यांची वीज मुळातच तोडायची, असं त्यानं ठरवलं. चुकून कोणी फोन केलाच तर तो आपल्या टेबलावर वाजेल, अशी सोयही केली. आणि रीत म्हणून टेबलाटेबलावर विचारत फिरला.

तपासणी विभागात खिडकीपाशी भिंगबाई बसत. नकाशावर भिंग धरून नळाचा एकेक सांधा बघायच्या, म्हणून भिंगबाई. बोलणं मोजकं. घरी त्या आणि त्यांचे म्हातारे वडील, एवढंच लोकांना माहीत होतं.

"बाई, तुमचा फोन बंद करू ना? वाजत तर नाही."

"नको. मला लागतो."

"अहो, पण उन्हाळ्यापासून एकदासुद्धा वाजला नाहीये. कशाला लागतो?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे कान टवकारलेले. घरचं गाऱ्हाणं चार लोकांत मांडणं त्यांना जमत नसे. "न वाजायलाच लागतो," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

विभागात हशा पिकला. विझवणेनं "बरं, राहू दे" म्हटलं आणि खाली आला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. "न वाजायला लागतो म्हणे! उद्या म्हणतील, न पेटायला दिवा लागतो." मग जिन्याखालच्या खोलीत जाऊन इतर मुक्या फोनांबरोबर भिंगबाईंच्या फोनचीही वीज त्यानं तोडली. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा हुज्जत. पडदा तसाही काळा होता, वर चिठ्ठीही होती. झोपलेला फोन आणि बंद केलेला फोन दिसायला सारखेच.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी तो आपल्या खोलीत आकडे जुळवत होता आणि ते काही केल्या जुळत नव्हते. टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो, कोण?"

उत्तर नाही. नुसता श्वास. जड, घशात अडखळणारा. त्यानं दोनदा हॅलो म्हटलं आणि ठेवून दिला.

पुन्हा वाजला. पुन्हा तेच. कोणी पोरंटोरं थट्टा करत असतील असं त्याला वाटलं. फोन थेट आपल्याला आलाय की दुसऱ्या कोणाचा वळून आलाय, हे फोनच्या पडद्यावर लिहून येई. नजर टाकायचा अवकाश होता. त्यानं टाकली नाही. "कोण पाहिजे तुम्हाला?" एवढं विचारलं आणि ठेवला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पाहुण्यांची गाडी फाटकात शिरत होती. विझवणेचं डोकं फिरलं. "बोलायचं नसेल तर फोन कशाला करता? दातखीळ बसलीय का?" असं तो खेकसला. पलीकडे काहीतरी खरखरलं, शब्द होता की खोकला ते कळलं नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. आपटला नव्हता, सावकाश ठेवला होता. ह्यानं आपला रिसीव्हर जागेवर न ठेवता बाजूला आडवा ठेवला आणि शर्टाची इस्त्री सारखी करत बाहेर पळाला.

पाहुणे खूश झाले. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत उभ्या राहून भिंगबाईंनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायानं बातमी आणली. "भिंगबाईंचे वडील गेले हो. आत्ता त्यांच्या घरूनच आलो. काल संध्याकाळी बाई घरी पोचल्या तर पलंगावर आडवे, अंग गार पडलेलं."

"अरेरे," विझवणे म्हणाला. "आजारी होते का?"

"दोन वर्षांपूर्वी वारं गेलं होतं अंगावरून. वाचाच गेली. आणि माणूस कोण, तर बसचा कंडक्टर! जन्मभर 'पुढे सरका, पुढे सरका' ओरडला आणि शेवटी तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी उशाशी एक बटणाचा फोन ठेवला होता. बटण दाबलं की थेट बाईंच्या टेबलावर घंटी. ह्यांनी काही बोलायचं नाही, बाईंनी नुसता श्वास ऐकायचा आणि घर गाठायचं, असं ठरलेलं. ऑफिसपासून घर हाकेच्या अंतरावर. पण काल म्हाताऱ्यानं बटण दाबलंच नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर कदाचित..."

शिपाई आणखी काय काय सांगत होता. विझवणेला ऐकू येत होतं ते वेगळंच. तो जिन्याखाली गेला, दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर भिंगबाईंच्या फोनची वीज पूर्ववत केली. मग वर जाऊन पाहिलं. पडदा उजळला, थोड्या वेळानं काळा झाला. आता कोणालाच काही कळणार नव्हतं. हे कळल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची इतकी किळस आली की तो तिथेच बाईंच्या खुर्चीत बसला.

त्यानंतर त्याचं चोराच्या मनात चांदणं सुरू झालं. साहेबांनी हाक मारली की ती त्याच कारणासाठी. शिपाई कोपऱ्यात कोणाशी बोलताना दिसला की ते आपल्याबद्दलच. घरी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही न्हाणीतला दिवा चालू ठेवून आलात! सूर्य कुठे उगवलाय आज?" तेव्हा त्याच्यानं राहवेना. जेवता जेवता त्यानं सगळं सांगून टाकलं.

बायकोचा घास हातातच राहिला. तो परत ताटात ठेवून ती म्हणाली, "तिला कधी सांगणार?"

"सांगून काय, म्हातारा परत येणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच तिला आणखी त्रास."

"तिला त्रास, की तुम्हाला?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

भिंगबाई कामावर आल्या त्या दिवशी सगळा विभाग त्यांच्याभोवती जमला. विझवणे दाराशी, शिडी धरून उभा. दिवा बदलायचं निमित्त होतं. नकाशे आखणारी एक जुनी बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "झोपेत गेले गं. बटण दाबायला वेळच मिळाला नसेल."

"मिळाला असणार," भिंगबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण हात सारखे टेबलावर काहीतरी शोधत होते. "उशी खाली पडली होती, पाण्याचं भांडं लवंडलं होतं. बराच वेळ तळमळले असतील. पण दाबलं नाही. उन्हाळ्यात दोनदा त्यांनी उगाच बटण दाबलं होतं. मी धावत गेले, तर पलंगावर बसून हसतायत. एकटे कंटाळले होते. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, पुन्हा असं केलंत तर मी येणार नाही. तेव्हापासून त्यांनी बटणाला हात लावला नाही. मीच घाबरवलं त्यांना. माझ्या भीतीनं मेले ते."

"असं नाही म्हणू गं," सगळ्या म्हणाल्या. आत्ता सांग, असं शिडीशी उभ्या विझवणेचं मन ओरडत होतं. पाय मात्र जिन्याकडे वळले.

दुपारी त्याच्या खोलीचं दार वाजलं. भिंगबाई होत्या. हातात त्यांचा फोन, तार गुंडाळलेली.

"विझवणे, हा घ्या. आता नाही लागत मला. त्या दिवशी मी उगाच अडून बसले. तुम्हाला बिचाऱ्यांना वीज वाचवायची होती."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि जायला वळल्या. त्या "बिचाऱ्यांना" शब्दानं त्याचा बांध फुटला. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं आणखी एखादा आठवडा काढला असता.

"बाई, त्यांनी बटण दाबलं होतं."

त्या थांबल्या.

"तीनदा दाबलं. तुमचा फोन मी बंद केला होता. राहू दे म्हटलं आणि खाली येऊन बंद केला. फोन इथे वाजला, ह्या टेबलावर. मी उचलला."

भिंगबाई स्टुलावर बसल्या. "तुम्ही ऐकलंत त्यांना?"

"श्वास ऐकला. मला वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. मी जरा रागावून बोललो."

"काय बोललात?"

"असंच काहीतरी. रागाच्या भरात."

"शब्द सांगा."

त्यानं सांगितले. दातखीळसुद्धा सांगितली. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की बाईंना पुढे वाकावं लागलं. मग पलीकडची ती खरखर सांगितली, फोन सावकाश ठेवला होता तेही सांगितलं. बाईंनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. श्वास भराभर होता का, मध्ये थांबत होता का, मागे पंख्याचा आवाज होता का. त्याला जेवढं आठवत होतं तेवढं तो देत गेला.

"तीनदा," त्या म्हणाल्या. "म्हणजे घाबरले नव्हते मला. मी येईन असं वाटत होतं त्यांना." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या मोकळेपणी रडल्या, तोंडावर हात न घेता.

विझवणे खाली बघत उभा राहिला. इतकं झाल्यावरही त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात हलकं वाटू लागलं होतं. आपण सांगितलं, बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आता त्या म्हणतील, तुम्हाला तरी काय माहीत. मग आपण म्हणू, नाही बाई, चूक माझीच. वाक्य तयारच होतं.

"मी साहेबांना सगळं सांगतो," तो म्हणाला. "होईल ती शिक्षा होऊ दे."

"सांगा, नाहीतर नका सांगू. त्याचं मला काय करायचंय?" बाईंनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे सरळ बघितलं. नळाचा फुटका सांधा सापडला की त्या नकाशाकडे असंच बघत. "विझवणे, तुम्ही कोण ते बाबांना माहीत नव्हतं. त्यांनी मला फोन केला होता. आणि शेवटचं त्यांनी ऐकलं ते तुमचं."

"हो," विझवणे म्हणाला. तयार केलेलं वाक्य इथे बसत नव्हतं.