बाटली कोणी भरली

“हुंगा, हुंगा! आज गुलाबपाणी भरलंय,” दारातूनच संजना म्हणाली आणि लेकीची, क्षितिजाची पिशवी तिने मीराच्या हातात दिली.

मीरा हसली नाही. एरवी थट्टामस्करीला ती कमी नव्हती, पण या बाबतीत तिला हसूच यायचं नाही. जूचंद्रच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी नऊच्या आत सात पोरं यायची, आसपासच्या नव्या इमारतींतल्या नोकरदार आयांची. पोर आत घेण्याआधी मीरा प्रत्येकाची पाण्याची बाटली उघडून नाकाला लावायची. कुणाची आई कितीही घाईत असो, बाटली हुंगल्याशिवाय पोराला प्रवेश नाही. एकीला तर याचा भलताच राग आला होता. “आम्ही काय विष भरून देतो का?” म्हणत तिने मूल दुसऱ्या पाळणाघरात नेलं. नेईना का! मीराने तिची मनधरणी केली नाही.

क्षितिजा चपला भिरकावून धोंडूबाईंकडे पळाली. धोंडूबाई म्हणजे मीराच्या सासूबाई. गुडघे गेलेले, दिवसभर खिडकीखालच्या चटईवर बैठक. तीन वर्षांची ही पोर त्यांच्या मांडीवर अशी काही जाऊन बसायची, जशी काही ती मांडी तिच्या नावावरच केलीय. धोंडूबाई पोरांना गोष्टी सांगायच्या, वेण्या घालायच्या. फक्त त्यांच्या हातून पोरांना काही खायला-प्यायला द्यायचं नाही, अशी पालकांची अट होती. मीराने ती मुकाट्याने मान्य केली होती.

“हत्तीची बाटली कुठंय हिची?” मीराने विचारलं.

“तिची नळी चावून तोडली मॅडमनी. म्हणून साधी आणली, ओट्याखालची. चला, पळते मी. आज मेमो मिळणार मला.”

मीराने झाकण फिरवलं, बाटली नाकाशी नेली आणि तिची मान खाडकन मागे गेली. नाकात सुया टोचाव्यात तसं झालं, डोळ्यांतून पाणी आलं.

“संजना! मागं ये.”

“आता काय?”

“मागं ये म्हणते ना!”

संजना कपाळाला आठ्या घालून परत आली. तिने बाटली हुंगली आणि तिचा चेहराच उतरला.

“अ‍ॅसिड… मीराताई, रिक्षात मी तिला विचारलं होतं, पाणी पाहिजे का. ती नको म्हणाली. नको म्हणाली म्हणून नाहीतर…”

“झाकण उघडलं होतंस?”

“नाही.”

“नक्की?”

“देवाशप्पथ नाही.”

तरी मीराने पोरीला उचलून उजेडात नेलं, तोंड उघडायला लावून जीभ, ओठ, गाल सगळं पाहिलं. काही नव्हतं. मग तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि स्टुलावर चढून ती माळ्यावरच्या कुलपाच्या पेटीत ठेवली. फिनेल, साबणाचा चुरा, संडास धुवायचं औषध, घरातलं असलं सगळं त्या पेटीत असायचं, आणलेल्या डब्यातच.

यात न समजण्यासारखं काही नव्हतं. या भागात गोडं पाणी एक दिवसाआड यायचं. आलं की घरोघर मिळेल ती बाटली भरून ओट्याखाली रांगेने ठेवायची. इतर कामाला बोअरचं खारट पाणी. त्याने लाद्यांवर पांढरी पुटं चढायची. ती काढायला अ‍ॅसिड. दर रविवारी स्कूटरवर कॅन लादून अ‍ॅसिडवाला यायचा, बायका घरातली बाटली घेऊन खाली जायच्या नि भरून आणायच्या. आणि हाताशी बाटली कुठली असणार? पाण्याचीच.

संजनाची भीती ओसरली तसा तिला राग चढला. भीतीचं काय करायचं हे माणसाला कळत नाही, रागाचं बरोबर कळतं. तिने फोन लावला. दोन महिन्यांपूर्वी चिपळूणहून आलेल्या तिच्या सासूबाई, सुहासिनीबाई, घरी एकट्याच होत्या.

“तुम्ही ओट्याखाली काय भरून ठेवलंत?” ती ओरडलीच. “अ‍ॅसिड! क्षितूच्या पिशवीत गेलं ते! मेली असती माझी पोर!”

पलीकडून म्हातारा, घाबरा आवाज आला. “अगो, मी नाही गो… मी त्या बाटल्यांना हातसुद्धा लावत नाही…”

“मग कोणी भरलं? भुतानं? काही एक बोलू नका. बॅग भरा तुमची. आज संध्याकाळच्या गाडीत बसवते तुम्हाला.”

फोन हातातच धरून ती मीराकडे वळली. “या म्हाताऱ्यांना ना, काही सांगायची सोय नाही. तुम्हाला काय सांगायचं म्हणा! तुमच्याकडेही सासूबाईंनीच तर…”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. धोंडूबाई क्षितिजाचे केस विंचरत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला, मग फणी पुन्हा चालायला लागली. सोळा वर्षं त्या हे ऐकत होत्या. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की धोंडूबाईने पाण्याच्या बाटलीत अ‍ॅसिड भरून ठेवलं आणि तीन वर्षांच्या नातवाने, धनेशने, ते तोंडाला लावलं. एकच घोट. घाबरून घरातल्यांनी मीठपाणी पाजून त्याला ओकवलं. नेमकं तेच करायला नको होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. वर येताना अ‍ॅसिडने गळा दुसऱ्यांदा जाळला. धनेश वाचला. आज एकोणीस वर्षांचा होता, कुरिअरच्या ऑफिसात लागला होता. पण भाकरी दुधात कालवल्याशिवाय अजून त्याच्या घशाखाली उतरत नव्हती आणि दर चार-सहा महिन्यांनी अन्ननलिका रुंद करून घ्यायला दवाखान्यात जावं लागायचं. मीराच्या नवऱ्याने, नथूने, आपल्या आईशी बोलणं टाकलं, ते पाच वर्षांपूर्वी मरेपर्यंत टाकलं. शेवटच्या आजारपणातही तोंड भिंतीकडे. धनेशही आजीशी कामापुरतंच बोलायचा.

आणि बाटली भरली होती मीराने. मोरी घासून उरलेलं अ‍ॅसिड. ‘उद्या उचलून ठेवते’ म्हणून ओट्याखाली सरकवलं आणि विसरली. दवाखान्याच्या जिन्यात नथूने विचारलं, “कोणी भरली बाटली?” तेव्हा मीराच्या तोंडून निघून गेलं, “आईंनी असेल.” एवढे दोनच शब्द. धोंडूबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मीराकडे पाहिलं आणि त्या काहीही बोलल्या नाहीत.

आज सांगू, उद्या सांगू, करता करता सोळा वर्षं गेली.

“संजना,” मीरा म्हणाली, “रविवारी बाथरूम कोणी घासलं?”

“मीच. पण मी असं करेन का? उरलेलं मी… आईंनीच उचलून ठेवलं असणार तिथं.”

मीराने तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती, सोलवटली होती.

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा हलला. धनेश कामावर निघायच्या तयारीत, शर्टाची बटणं लावत दारात उभा होता. आरडाओरडा ऐकून आला असणार. मीराला तिथं थांबता आलं असतं. संजनाला बाजूला नेऊन, ‘शांत हो, नीट आठवून बघ’ एवढं सांगून भागलं असतं. या एका पोरासाठी ती जगली होती. त्याला सगळं कळलं तर तो तिचा राहील का?

फोनमधून अजून बारीक हुंदके ऐकू येत होते.

“मीपण असंच म्हटलं होतं,” मीरा म्हणाली. “आमच्या आईंनी नाही भरली ती बाटली. मी भरली. मी ठेवली. नि नाव ह्यांचं घेतलं. नवरा हाकलून देईल, पोरगा हातचा जाईल, ह्या भीतीनं घेतलं. ह्यांच्या मुलानं मरताना ह्यांच्याकडं बघितलं नाही, संजना. ते माझ्यामुळं.”

घरात पोरांचा तेवढा कलकलाट चालू होता. संजना आपल्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने फोन कानाला लावला. “आई, बॅग भरू नका. येतेय मी घरी.” तिने क्षितिजाला कडेवर घेतलं आणि ऑफिसला न जाता ती उलट्या पावली घराकडे निघाली.

धनेश जागचा हलला नव्हता.

“पप्पांना माहीत होतं?” त्याने विचारलं. घसा जळल्यापासून त्याचा आवाज घोगराच होता, आज जास्तच वाटला.

“नाही.”

तो आजीसमोर जाऊन उकिडवा बसला. “आजी, तू का नाही बोललीस?”

धोंडूबाईंनी फणीत अडकलेले केस काढून बोटाला गुंडाळले. “काय बोलनार बाला? तुझा बापूस तापट. हिला घरातशी काडली असती. तू घशात नली घालून परलेला, आयशीला हाका मारत व्हतास. तवा आयस पायजे का आजी?”

“पन एवढी वर्सं?”

“तिला नको काय बोलू. तीपन पोरच व्हती तवा.”

मीराला वाटलं, ह्यांनी शिव्या द्याव्यात, झिंज्या धराव्यात. तेही नशिबात नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. दोन पोरं खेळण्यासाठी भांडत तिच्या पायाशी आली, त्यांना सोडवायचंही तिला सुचलं नाही.

धनेशने बॅग खांद्याला लावली. बूट घातले. तो मीराच्या अगदी जवळून गेला, पण त्याने वर पाहिलं नाही. दारात पोचल्यावर मात्र तो थांबला. कामावर निघताना “मम्मी, येतो” म्हणायची त्याची रोजची सवय. मीराने पदर सावरला.

“आजी, येतो,” धनेश म्हणाला.

धोंडूबाईंनी मान वर केली नाही. त्या खाली वाकून चटईवर पडलेले केस गोळा करत होत्या. त्यांना कोणी असं सांगून जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. धनेश तसाच उभा राहिला.

मीरा भिंतीपासून पुढे झाली.

“आई,” ती म्हणाली, “तुम्हाला सांगतोय तो.”