मुकी केलेली पायपेटी

मी पायपेटी आहे. बेलापुरात रतनबाईंच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. झाकण मिटलेलं असलं तर तुम्ही मला जुनं टेबल समजाल आणि वर चहाचा कप ठेवाल. झाकण उघडलं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. खाली दोन फळ्या आहेत. वाजवणाऱ्यानं त्या पायांनी आळीपाळीनं दाबल्या की माझा भाता भरतो आणि पितळी सूर बोलायला लागतात. एवढंच माझं शरीर. पण त्यात एका माणसाबद्दलचा राग भरून राहिला आहे. तो कसा भरला, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याचा. एका नाटक कंपनीबरोबर मी गावोगाव हिंडले. नगरच्या मुक्कामात कंपनी मोडली आणि मी आसारामांच्या घरी आले. ते साखर कारखान्यात कामाला होते. कामगारांचं एक नाट्यमंडळ होतं, ते दरवर्षी एक संगीत नाटक बसवायचे आणि आसाराम साथीला बसायचे.

संगीत नाटकात पेटीचं काम काय असतं? नट गाताना अडला, दम कमी पडला, शब्द विसरला, तर त्याला पडू न देणं. प्रेक्षकांना कळतसुद्धा नाही. बॉयलरवर काम करून आलेल्या कितीतरी नटांना मी असं अलगद झेललं आहे. त्याचा मला अभिमान आहे.

आसारामांची मुलगी रतन. लहानपणी तिचे पाय फळ्यांपर्यंत पोचायचे नाहीत. मग वडील खाली बसून हातांनी फळ्या दाबायचे आणि ती वर पट्ट्यांवर बोटं फिरवायची. पुढे ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिनं घरातच नाट्यगीतांचा वर्ग काढला. सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

धनश्री ही बाईंची सगळ्यात आवडती शिष्या. राहुरीला शेतकीच्या कॉलेजात शिकणारी, घरची माणसं उसाच्या रानात राबणारी. दर गुरुवारी ती एसटीनं यायची, चप्पल काढतानाच गुणगुणायला लागायची. तिचा आवाज उंच आणि धारदार होता. मला तो फार आवडायचा, कारण तिला झेलावं लागत नसे.

आणि कल्याण. श्रीरामपूरचा, चाळिशीचा, केस रंगवलेले, सदरा रेशमी. तोही बाईंकडे चार महिने शिकून गेला होता. त्याचा सूर कधी जागेवर राहायचा नाही. तो सोडून गेला तेव्हा मला हायसं वाटलं. नंतर त्यानं श्रीरामपुरात नाट्यप्रशिक्षणाचा वर्ग काढल्याचं कानावर आलं. 'जुन्या नटांसारखा मी काळी चारमध्ये गातो,' असं त्यानं पेपरातल्या मुलाखतीत सांगितलं होतं. काळी चार म्हणजे उंच पट्टी. पुरुषाच्या आवाजाला ती सहसा झेपत नाही. बाईंनी ते वाचलं आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

दोन वर्षांपूर्वी तो पेढे घेऊन आला.

"बाई, नवीन संगीत नाटक लिहून घेतलंय. 'संगीत नावाडीण'. मुळा नदीला धरण व्हायच्या आधीची गोष्ट हाय. चाली तुमीच लावायच्या. आन नावाडीण आपली धनश्री."

बाई हरखल्या. तीन महिने आम्ही दोघी त्या कामात बुडालो. अकरा गाणी होती. एकेका ओळीसाठी बाई दहा दहा वाटा शोधायच्या. बोट अडायचं, पुन्हा मागे जायचं, मग अचानक चाल सापडायची आणि बाई स्वतःशीच हसायच्या. कल्याण अधूनमधून यायचा, माझ्यावर मोबाईल ठेवून सगळं भरून घ्यायचा. "घरी ऐकून पाठ करतो," म्हणायचा.

पहिल्या प्रयोगाच्या चार दिवस आधी धनश्रीनं पोस्टर आणलं. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: संगीत आणि दिग्दर्शन, कल्याण. बाईंचं नाव तळाशी होतं, 'पेटीची साथ' म्हणून.

ते निदान खरं ठरेल, असं मला वाटलं होतं. पण तालमीच्या दिवशी श्रीरामपूरच्या हॉलमध्ये कल्याणचा पुतण्या पार्थ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या मागे बसला. त्यानं पाठीची फळी काढली. भात्यातून सुरांकडे वारा जातो त्या वाटेत त्यानं जुन्या चादरीचा बोळा कोंबला आणि फळी परत लावून टाकली.

बाईंनी पाय मारले, पट्ट्या दाबल्या. मी गप्प.

"हे काय केलंस, कल्याण?"

"गाणी लॅपटॉपवर वाजणार हायेत, बाई. सगळं रेकॉर्ड केलंय, पेटी, तबला, आमचे आवाज. आमी नुसतं ओठ हलवायचे."

"मग मी इथं कशाला?"

"म्होरं हे नगरच्या स्पर्धेला न्यायचंय, तिथला नियम हाय ना. साथ अन् गाणं, दोन्ही तिथल्या तिथं झालं पायजे. परीक्षकांना पेटी दिसाया पायजे. तुमी फकस्त हात हलवायचे."

"मी वाजवते की खरंखुरं. तुम्ही गा."

कल्याणनं मान खाली घातली. "माझा आवाज रेकॉर्डवर दुरुस्त करून घेतलाय. असा न्हाई लागत." मग मान वर केली तेव्हा डोळे बदलले होते. "धनश्रीचा इचार करा. तुमी उठलात तर तिलाबी उठावं लागंल."

बाई उठल्या नाहीत.

श्रीरामपूरला दोन प्रयोग झाले. टाळ्या पडल्या. बाई पाय मारत होत्या, बोटं फिरवत होत्या आणि माझ्या पोटात वारा कोंडून कोंडून भाता दुखत होता. तबल्यावर बसलेला हनुमंतही हात नुसता टेकवत होता. लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाईंनीच शोधलेल्या चाली यायच्या, कुण्या यंत्रानं वाजवलेल्या. प्रयोगानंतर पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ आले, त्यांनी बाईंचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "काय पेटी वाजवलीत हो! बऱ्याच वर्षांनी असं ऐकलं."

बाई म्हणाल्या, "आभारी आहे."

त्या दोन शब्दांनी माझ्यात काहीतरी कायमचं बदललं. घरी आल्यावर बाईंनी वर्ग आठ दिवस बंद ठेवला. माझ्याकडे पाठ करून बसायच्या. मी तोवर कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. माणसांना झेलणं हेच माझं काम, असं मानत आले होते. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, की एक माणूस पडावा. सगळ्यांसमोर पडावा आणि मी हात पुढे करू नये.

नगरची स्पर्धा रविवारी होती, सकाळी अकराला. टेम्पोतून मला आणलं, रंगमंचापुढे डावीकडे ठेवलं. सगळे आत रंग लावत होते. बाई एकट्या माझ्यापाशी आल्या. त्यांनी पर्समधून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला. माझ्या पाठीची फळी सैल केली, दोन बोटं आत घातली आणि बोळा ओढून काढला. तो पर्समध्ये टाकला आणि फळी लावली. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. धनश्रीलाही नाही.

पहिला अंक झाला. बाईंनी पाय जमिनीवर ठेवले आणि हात नुसते फिरवले. मी दम धरून होते.

दुसऱ्या अंकात कल्याणचं मोठं गाणं. नावाडीण होडीपाशी उभी आहे आणि तो काठावर येऊन तिला म्हणतो, 'नाव लागली काठाला, तरी कुणी उतरेना.' स्पीकरमधून सूर सुरू झाले. कल्याणनं हात पसरले, तोंड उघडलं. आणि बाईंनी दोन्ही पाय फळ्यांवर ठेवले.

मी ओरडलेच. दुसऱ्याच पट्टीत, पुऱ्या ताकदीनं. स्पीकरमधलं गाणं एका सुरात, मी दुसऱ्या सुरात. सगळा हॉल दचकला. विंगेत बसलेल्या पार्थला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. त्यानं गाणं थांबवलं. कल्याणचे ओठ मात्र अजून हलत होते. आवाज नाही आणि ओठ हलताहेत. ते सगळ्यांनी पाहिलं, परीक्षकांनीही.

बाई थांबल्या नाहीत. त्यांनी गाण्याची सुरुवात एकदा स्वच्छ वाजवली आणि त्याच्याकडे पाहिलं. काळी चार. मुलाखतीतली त्याची पट्टी.

हनुमंतनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं, आणि तबल्यावर खरी थाप मारली.

आता कल्याणला गावंच लागलं. पहिली ओळ त्यानं कशीबशी काढली. दुसऱ्या ओळीत आवाज फाटला. तो खोकला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. शेकडो नटांनी असं पाहिलेलं मला आठवतं. अशा वेळी पेटी एक सूर जास्त धरते, वाट दाखवते. बाईंनी बोट उचललं. मीही वाट दाखवली नाही.

मग धनश्री गायला लागली. गाणं त्याचं होतं, पण पट्टी तिची होती. काळी चार तिच्या गळ्यातलीच. होडीचं वल्हं हातात धरून तिनं ते सगळं गाणं म्हटलं. हॉल उभा राहिला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात गोड घटका होती आणि मी ती लपवणार नाही.

दुपारी निकाल लागला. नाटक बाद झालं. रेकॉर्ड केलेलं संगीत वापरलं, म्हणून कुणालाच काही नाही. गाण्याचं नाही, अभिनयाचं नाही. अठरा माणसांची आठ महिन्यांची मेहनत गेली.

रंग ओघळलेल्या चेहऱ्यानं धनश्री बाईंसमोर येऊन उभी राहिली. "मला आदी सांगायचं तर हुतं, बाई."

"तू घाबरली असतीस."

"व्हय, घाबरले असते. पन माझं मी ठरवलं असतं. तुमचा सूड झाला. माझं काय झालं?"

बाईंनी माझं झाकण मिटलं. ती त्या दिवशी आमच्या टेम्पोत बसली नाही, एसटीनं गेली. परत कधी आली नाही. आता नगरच्या दुसऱ्या एका मंडळीत मुख्य भूमिका करते असं ऐकते. गुरुवारी एसटीच्या वेळेला बाई दाराकडे बघतात. तेवढी एक गोष्ट मला टोचते.

मला टेम्पोत चढवताना कल्याणनं माझ्यावर लाथ घातली. डाव्या पायाची फळी तुटली. त्यानं माझा पाय मोडला, पण त्यालाही त्याच दिवशी मोडल्यासारखं झालं होतं, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही. सुडाची मजुरी म्हणायची.

चार महिन्यांनी, दिवाळीनंतरच्या एका सकाळी मोटरसायकल थांबली. कल्याण आला. केस रंगवलेले नव्हते. तो ओट्यावरच बसला.

"वर्गात आता कुनी येत न्हाई, बाई."

बाई तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या.

"त्या दिवशी मी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हंजी खरा. मला गाता येत न्हाई. शिकवता का?"

मी आतून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हाकला त्याला, बाई.

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. "आधी हिचा पाय बसवून आण."

त्यानं माझी तुटलेली फळी श्रीरामपूरला सुताराकडे नेली, नवी करून आणली आणि जमिनीवर आडवा पडून स्वतः बसवली. मग बाईंनी त्याला सतरंजीवर बसवलं. शेजारी आठ-नऊ वर्षांच्या मुली, परकर आवरून बसलेल्या. त्यांच्या ओळीत हा चाळिशीचा माणूस.

"सा लाव," बाई म्हणाल्या.

त्यानं लावला.

"चुकलं. पुन्हा."

याला आता वर्ष होत आलं. शेजारच्या मुली पुढे गेल्या, त्यांनी तीन नाट्यगीतं पाठ केली, गणपतीत गाऊन टाळ्या घेतल्या. कल्याण अजून सा लावतो आहे. दर गुरुवारी येतो, तासभर एकच सूर धरतो. बाई त्याला रे दाखवत नाहीत. त्या म्हणतात, शिकवणं असंच असतं, पाया पक्का व्हायला हवा. ओट्यावर येणाऱ्या बायका म्हणतात, बाईंचं मन मोठं, शत्रूला शिकवतात. मी काही म्हणत नाही. मी सूर देते.

या गुरुवारी एक गोष्ट घडली, ती फक्त आम्हा दोघींना माहीत आहे. कल्याणनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि सा लावला. तो लागला. माझ्या सुरात त्याचा सूर असा मिसळला की दोन आवाज आहेत हे ओळखू येईना. बाईंचं बोट पट्टीवर क्षणभर थबकलं. त्यांनाही कळलं होतं. माझ्या पितळाला कळतं, तर बाईंना का कळणार नाही?

त्यानं डोळे उघडले आणि आशेनं बाईंकडे पाहिलं.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

मी पुन्हा सा दिला.

तुम्ही कधी श्रीरामपूरकडून बेलापूरला आलात, तर या. बाई चहा करतील. माझ्यावर कप ठेवू नका, एवढं पाळा. आणि गुरुवार असला, ओट्यावर चपला काढताना एक माणूस भेटला, त्यानं विचारलं की माझा सूर आता कसा लागतो, तर माझी एवढीच विनवणी आहे. त्याला सांगू नका.